जुन्या सायकलीचे नवे सुटे भाग

सायकलीविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे. सायकल म्हणजे सायकल. तिचा एखादा भाग झिजला तर दुकानात जावे, नवा मागावा, जुना काढून त्याच्या जागी बसवावा आणि पुढे चालू लागावे, असा तो समज होय. आपल्याकडे त्याला आधारही आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली, कोठेही गेले तरी काळ्या रंगाच्या उंच सायकलीचा कॉटर, तिचे छर्रे किंवा ब्रेकचे रबर रस्त्याच्या कडेला बसलेल्या कारागिराच्या पत्र्याच्या डब्यात सापडते. आजोबांच्या हर्क्युलिसला नातवाच्या काळातील पायडल बसते आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु सायकलीच्या एकंदर इतिहासाकडे पाहिले म्हणजे ही सुलभता नियम नसून अपवाद आहे असे ध्यानात येते. युरोपात १९५० ते १९८० ह्या काळात शर्यतीसाठी व लांबच्या सफरीसाठी ज्या हलक्या सायकली घडविल्या गेल्या, त्यांतील एखादी आज माळ्यावरून खाली काढून पुन्हा रस्त्यावर आणावयाची म्हटले, तर मालकाला प्रथम मापनशास्त्राचा, नंतर इतिहासाचा आणि अखेरीस थोडासा नीतिशास्त्राचाही अभ्यास करावा लागतो.

उदाहरणादाखल एकच सायकल समोर ठेवू. फ्रान्समधील प्यूजो ह्या कारखान्याने १८८२ मध्ये सायकली बनविण्यास आरंभ केला. त्यापूर्वी तो करवती, पोलादी पट्ट्या आणि कॉफी दळण्याची जाती बनवीत असे. ह्या कारखान्याची पी.एक्स. १० नावाची शर्यतीची सायकल १९६० आणि १९७० च्या दशकांत फार नावाजलेली होती. एडी मर्क्स हा बेल्जियमचा जगद्विख्यात स्वार १९६६ साली मिलान ते सान रेमो ही शर्यत जिंकला, तेव्हा तो प्यूजोच्याच संघात होता. पी.एक्स. १० चा सांगाडा रेनॉल्ड्स ५३१ ह्या पोलादी नळ्यांचा. मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेले हे पोलाद इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९३५ पासून तयार होऊ लागले. ह्या नळ्यांची खुबी अशी की सांध्याजवळ त्यांची भिंत जाड ठेवलेली असते आणि मध्यभागी ती पातळ केलेली असते. त्यामुळे बळ कमी न होता वजन घटते. अशी सायकल एखाद्या इंग्रज वा अमेरिकन गृहस्थाने तारुण्यात हौसेने घेतलेली असते, मग संसाराच्या धबडग्यात ती गुदामात पडते आणि चाळीसपन्नास वर्षांनी मुलाच्या किंवा नातीच्या हाती लागते. सांगाडा उत्तम असतो. पोलादाला गंज फार नसेल तर त्याचे काही बिघडत नाही. बिघडलेले असते ते त्याभोवतीचे सारे: रबर, वंगण, तारा, प्लास्टिक.

आरंभी दिलासा देणाऱ्या गोष्टी सांगितलेल्या बऱ्या. साखळी मिळते. मोटारीपासून मापाच्या पट्टीपर्यंत सर्व काही दशमान पद्धतीने मोजणाऱ्या फ्रान्सनेही सायकलीच्या साखळीपुरता इंग्रजांचा अर्धा इंच मान्य केला होता. साखळीच्या दोन खिळ्यांतील हे अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे अंतर आजतागायत बदललेले नाही. दात्यांची संख्या वाढली तशी साखळी अरुंद होत गेली एवढेच. छर्रेही मिळतात. मधल्या आसाला आणि मागच्या चाकाला पाव इंची, पुढच्या चाकाला बहुधा तीन षोडशांश इंची छर्रे लागतात. ते कवडीमोलाचे असतात आणि बहुतेकदा सारे दुखणे त्यांच्यापाशीच असते. सुकून राळेसारखे झालेले वंगण रॉकेलने धुऊन काढावे, वाट्यांत खड्डे पडले आहेत काय ते पाहावे, खड्डे नसतील तर नवे छर्रे व नवे वंगण घालून पुन्हा जोडावे. अशा वेळी नवा भाग शोधण्याची मुळी गरजच उरत नाही. जुन्या यंत्राच्या बाबतीत लोक बदलण्याची जितकी घाई करतात तितकी धुण्याची करीत नाहीत, ही एक मौजेची गोष्ट आहे.

पण वाटीत खड्डे असतील तर? मग खरा प्रश्न उभा राहतो. दोन क्रँकांना जोडणारा आडवा आस सांगाड्याच्या तळाशी असलेल्या आखूड नळकांड्यात फिरतो. आपल्याकडील दुकानांत ह्या साऱ्या प्रकाराला ‘बी.बी.’ म्हणतात. नळकांड्याच्या आतील बाजूस आटे पाडलेले असतात आणि त्यांत दोन्हीकडून एकेक वाटी पेचासारखी बसविलेली असते. इंग्रजी सायकलीत ह्या आट्यांचा व्यास १.३७ इंच आणि प्रमाण इंचाला २४ आटे. फ्रेंच सायकलीत व्यास ३५ मिलिमीटर आणि आट्यांतील अंतर १ मिलिमीटर. इंग्रजी माप मिलिमीटरमध्ये आणले तर व्यास सुमारे ३४.८ येतो आणि आट्यांतील अंतर १.०५८. म्हणजे व्यासात फरक एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाचा, आणि आट्याआट्यांत त्याहूनही पुष्कळ कमी. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटांना कळत नाही. आजच्या दुकानातील इंग्रजी मापाची नवी वाटी फ्रेंच नळकांड्याला लावली तर ती दोनतीन फेरे आत जातेसुद्धा. मग ती जड होते. मालकाला वाटते, जुने आटे आहेत, गंजले असतील, जरा जोर लावू. तो लांब दांड्याचा पाना घेतो. प्रत्येक फेऱ्याला ०.०५८ मिलिमीटरची तफावत साचत जाते. दहा फेऱ्यांत ती अर्ध्या आट्याहून अधिक होते आणि कठीण पोलादाची नवी वाटी सांगाड्याचे मऊ आटे कापून टाकते. पन्नास वर्षे शाबूत राहिलेला सांगाडा ह्या रीतीने पाच मिनिटांत नासतो.

एवढ्याने भागत नाही. वाटी कोणत्या बाजूला फिरवावयाची हाही वादाचा मुद्दा आहे. इंग्रजी पद्धतीत उजवीकडील वाटीचे आटे उलटे असतात. फ्रेंच पद्धतीत दोन्हीकडील आटे सुलटे. ह्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. हाताची मूठ सैल मिटून तीत एक पेन्सिल धरावी आणि पेन्सिलीचे बाहेरचे टोक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल फिरवावे. पेन्सिल मुठीच्या आत लोळत लोळत स्वतःभोवती उलट दिशेने फिरू लागते. पायडल मारताना वाटीवर येणारा दाब असाच फिरता असतो आणि त्यामुळे वाटी आपल्या जागी किंचित किंचित सरकू पाहते. उजवीकडील वाटीला सुलटे आटे असले तर ह्या सरकण्याने ती सैल होत जाते. इंग्रजांनी उलटे आटे पाडून हा दोष मुळातच काढून टाकला. फ्रेंचांनी आणि इटालियनांनी वाटी प्रचंड जोराने आवळून ठेवण्यावर भिस्त ठेवली. स्विस कारखान्यांनी फ्रेंच माप घेतले आणि उजवीकडे उलटे आटे पाडून इंग्रजांचे शहाणपणही घेतले. काही प्यूजो सायकलींतही पुढे ही स्विस पद्धत आली. तेव्हा सायकल फ्रेंच आहे म्हणून वाटी डावीकडे फिरवून निघेलच असे नाही. जोर लावण्यापूर्वी नीट पाहणे हाच त्यावर उपाय. इटालियन माप तर ऐकणाऱ्याला विनोद वाटावा असे आहे: व्यास ३६ मिलिमीटर आणि आटे इंचाला २४. एकाच पेचात दोन राष्ट्रांचे तह झालेले. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने तर स्वतःपुरता इंचाला २६ आट्यांचा संप्रदाय कितीतरी वर्षे चालविला होता, आणि त्यामुळे इंग्रजी सायकलीचा भाग इंग्रजी सायकलीलाच न बसण्याचा प्रसंग येत असे.

हे वैविध्य कोणी खोडसाळपणे निर्माण केले नव्हते. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ ह्याने १८४१ मध्ये पेचांच्या आट्यांसाठी एकसूत्री माप सुचविले, तेव्हा सायकल हे वाहन जन्मालाही आले नव्हते. दोन समान चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी आजच्या धर्तीची सायकल कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीने १८८५ मध्ये बाजारात आणली. तिचे भाग करण्याचे काम ज्यांच्याकडे अचूक यंत्रे होती त्यांच्याकडे गेले, आणि अचूक यंत्रे होती ती बंदुकांच्या कारखान्यांकडे. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे आपल्याला तीन अक्षरांनी परिचित असलेली बी.एस.ए., ही मुळात बंदुका करणारी कंपनी. तिच्या चिन्हावरील एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका अनेक श्रोत्यांनी पाहिल्या असतील. तिने सायकलीचे भाग करून इतरांस विकले आणि तिचे माप इंग्रजी सायकलींचे माप झाले. फ्रान्समधील लेथ दशमान पद्धतीचे होते, त्यांनी दशमान आटे पाडले. प्रत्येक देशाची बाजारपेठ प्रामुख्याने आपल्या देशापुरती होती, तोवर कोणाचे काही अडले नाही.

अडले ते १९७० नंतर. अमेरिकेत १९७१ ते १९७४ ह्या वर्षांत सायकलींची अभूतपूर्व लाट आली आणि फ्रान्समधून सायकली जहाजे भरभरून गेल्या. त्याच बाजारात जपानी कारखाने उतरले. त्यांनी निमूटपणे इंग्रजी मापे स्वीकारली आणि यंत्रणाही सुधारली. सनटूर ह्या जपानी कारखान्याने १९६४ मध्ये मागच्या डिरेलरची तिरपी चौकट शोधून काढली. तिचे पेटंट संपताच इतरांनीही ती उचलली. फ्रेंच कारखाने आपल्या मापांना धरून बसले. १९८० च्या दशकात सिंप्लेक्स, माफाक ही एकेकाळची मातब्बर नावे एकामागून एक मावळली आणि नव्या फ्रेंच सायकलीही इंग्रजी आटे घेऊन बाहेर पडू लागल्या. ज्या इंचाला फ्रान्सने दीडशेहून अधिक वर्षे दाराबाहेर ठेवले, तो सायकलीच्या तळातून आत आला. आपल्या देशात वजनमापांचा दशमान कायदा १९५६ मध्ये झाला आणि शेर-मैल-यार्ड कालांतराने व्यवहारातून गेले. परंतु सायकलीच्या दुकानात अजूनही अर्धा इंची साखळी आणि पाव इंची छर्रेच मागितले जातात. कायद्याचा अंमल जेथवर पोहोचतो त्याच्या पलीकडे वस्तूंचा स्वतःचा एक अंमल असतो.

आता मालकापुढे कोणते मार्ग आहेत ते पाहू. पहिला, फ्रेंच मापाची जुनी पण न झिजलेली वाटी मिळविणे. हे आता दिवसेंदिवस महाग होत चालले आहे. दुसरा मार्ग नव्या बनावटीचा. कॅलिफोर्नियातील फिल वुड नावाची कंपनी १९७१ पासून सीलबंद बेअरिंगे करीत आली आहे. तिने आस व बेअरिंगे एका बंद नळीत बसविली आणि ती नळी सांगाड्यात धरून ठेवणाऱ्या कड्या मात्र निरनिराळ्या आट्यांच्या केल्या: इंग्रजी, फ्रेंच, स्विस, इटालियन. यंत्र एकच, कड्या हव्या त्या देशाच्या. व्हेलो ऑरेंज ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने आट्यांचा प्रश्नच टाळून, नळकांड्याच्या दोन्ही कडांवर दाबून बसणारे आणि मध्ये एकमेकांत आवळले जाणारे बी.बी. आणले, आटे पूर्वीच नासलेल्या सांगाड्यालाही ते चालते. तिसरा मार्ग म्हणजे नळकांडे आतून किंचित मोठे करून त्यात ३६ मिलिमीटरचे इटालियन आटे पाडणे. इटालियन माप सर्वांत मोठे असल्याने खराब झालेल्या इतर नळकांड्यांचा उद्धार ह्या रीतीने करता येतो. मात्र हा शेवटचा उपाय होय. कापलेले धातू परत येत नाही.

नवा आस घेताना आणखी एक सावधगिरी हवी. आसाची टोके चौकोनी व निमुळती असतात आणि त्यांवर क्रँक दाबून बसते. कॉटरविना क्रँक बसविण्याची ही पद्धत स्ट्राँगलाइट ह्या फ्रेंच कारखान्याने १९३३ मध्ये आणली. जपानी आणि युरोपीय मापांत ह्या टोकांचा निमुळतेपणा एकच आहे, परंतु टोकाची जाडी वेगळी आहे. एकाची क्रँक दुसऱ्याच्या आसावर बसविली तर ती चारपाच मिलिमीटर आत किंवा बाहेर जाऊन थांबते. तेवढ्याने साखळी तिरकी चालते, किंवा दात्यांचे चाक सांगाड्याला घासते. शिवाय ती जुनी क्रँक काढावयाचे हत्यारही वेगळे लागते. सर्वसाधारण ओढणीचे आटे २२ मिलिमीटर व्यासाचे, तर जुन्या स्ट्राँगलाइटचे २३.३५ मिलिमीटरचे. लहान ओढणी मोठ्या भोकात सैलसर अडकते, ओढताना निसटते आणि अॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येते. योग्य ओढणी आजही नवी मिळते. तिला मोबदला पडतो, पण तो क्रँकच्या किमतीपुढे अल्प आहे.

हँडलाच्या बाबतीत हौसेपेक्षा जिवाचा विचार अधिक करावा लागतो. हँडल ज्या खुंटीने चिमट्याच्या नळीत उतरते ती इंग्रजी सायकलीत २२.२ मिलिमीटर जाड, फ्रेंच सायकलीत २२. पुन्हा तोच पाचवा हिस्सा. नवी जपानी बनावटीची खुंटी फ्रेंच चिमट्यात उतरत नाही. तिला बारीक पॉलिश कागदाने चारी बाजूंनी सारखे घासून कमी करता येते आणि अनेक कारागीर तसे करतात. घासावयाचे ते खुंटीला. चिमट्याच्या नळीला नव्हे. कारण खुंटी बिघडली तर दुसरी आणता येते. पुष्कळांना मूळची फ्रेंच खुंटीच ठेवावीशी वाटते, ती देखणीही असते. परंतु अॅल्युमिनियम हा धातू पोलादासारखा नाही. हजारो वेळा वाकण्याचा ताण सोसल्यावर त्यात केसासारखी भेग पडते, ती भेग आतल्या आत वाढते आणि एके दिवशी काही सूचना न देता तो तुटतो. खुंटीला ज्या ठिकाणी आवळण्यासाठी चिरा पाडलेल्या असतात तेथे ही भेग हमखास सुरू होते. त्या काळातील एका फ्रेंच कारखान्याच्या खुंटीला तर जाणकारांनी ‘मृत्यूची खुंटी’ असे नावच दिले आहे. उताराच्या रस्त्यावर हँडल हातात आले तर सायकलीच्या अस्सलपणाचा काय उपयोग? ब्रेकच्या तारा, हँडल आणि त्याची खुंटी ह्या तीन गोष्टींत जुन्याचा मोह धरू नये, असे म्हणावयास हरकत नाही.

चाकांच्या मापांचा घोळ हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. टायरावर छापलेला आकडा पूर्वी त्याचा बाहेरचा अंदाजी व्यास दाखवीत असे, आणि टायर जसजसे अरुंद झाले तसतसा आकडा कायम राहून खरे माप बदलत गेले. परिणाम असा झाला की इंग्लंड-अमेरिकेतील जुन्या २७ इंची चाकाचा ज्या कडेवर टायर बसतो तो व्यास ६३० मिलिमीटर आहे, तर जर्मनीत ज्याला २८ इंची म्हणतात आणि फ्रान्समध्ये ७०० सी म्हणतात, त्या आजच्या सर्वमान्य चाकाचा व्यास ६२२. म्हणजे अठ्ठावीस हे सत्तावीसपेक्षा लहान! आणि आपल्या काळ्या सायकलीचे २८ गुणिले दीड हे चाक ह्या दोहोंहून मोठे, ६३५ मिलिमीटरचे. ते माप फ्रान्समध्ये ७०० बी ह्या नावाने होते. ब्रिटन किंवा हॉलंडमध्ये जुनी रोडस्टर सायकल बाळगणाऱ्याला आज त्या मापाचा टायर हवा असला, तर तो पुष्कळदा भारतीय बनावटीचा मिळतो. ज्या देशाने सायकलीचा हा घाट आपल्याला दिला, त्या देशाची जुनी चाके आपल्या कारखान्यांच्या आधाराने फिरावीत, हे कालगतीचे एक सुखद वळण आहे. ह्या घोळावर आंतरराष्ट्रीय तोडगा निघाला तो असा: टायराच्या बाजूवर दोन आकडे छापावे, पहिला रुंदीचा आणि दुसरा कडेच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ३२–६३० किंवा ४०–६३५ असे ते असतात. टायर घेताना मोठ्या अक्षरांतील इंच विसरून ही बारीक अक्षरे वाचावी.

पी.एक्स. १० च्या मालकाचे ह्या बाबतीत नशीब बरे. तिच्यावर रिमला डिंकासारख्या पदार्थाने चिकटवावयाचे शिवलेले टायर असत, आणि त्या रिमचे माप आजच्या ६२२ च्या इतके जवळ आहे की नवी चाके लावली तरी ब्रेक जागचे हलवावे लागत नाहीत. ज्याची सायकल २७ इंची आहे त्याला मात्र ६२२ चे चाक बसविताना ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली आणावे लागते. ब्रेकच्या हाताला तेवढी लांबी असली तर काम झाले. नसली तर लांब हातांचे ब्रेक घ्यावे लागतात, आणि तेही नव्याने बनतात. माफाकच्या मध्यभागी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकांची रबरे गुळगुळीत दांडीची असत, आजची आट्यांच्या दांडीची असतात. ओरेगनमधील कूल-स्टॉप कंपनी ही जुन्या धर्तीची रबरे ताज्या रबरात अजून करते. पन्नास वर्षांपूर्वीचे वाळून दगड झालेले रबर रिमला लावून जे फिरतात त्यांच्या धाडसाचे कौतुक करवत नाही.

मागच्या चाकासाठी चिमट्यात जागा किती, हाही प्रश्न येतो. पाच दात्यांच्या काळात ती १२० मिलिमीटर होती, सहा दात्यांच्या काळात १२६ झाली, पुढे १३० झाली. पोलादी सांगाडा थंड अवस्थेतच हळूहळू फाकवून १२० चा १३० करता येतो, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर. अॅल्युमिनियमला आणि कार्बनला हे साधत नाही. फाकविल्यावर मात्र आस बसतो त्या दोन्ही खाचा पुन्हा समांतर कराव्या लागतात, नाहीतर आस वाकतो आणि वारंवार तुटतो. एवढे झाले की आजचे आठ किंवा नऊ दात्यांचे चाक पन्नास वर्षांच्या सांगाड्यात मुकाट्याने फिरते. गिअर बदलणारा जुना दांडाही त्याला चालतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आलेले नवे दांडे ‘टक्’ असा आवाज करीत ठरावीक अंतरच सरकतात, त्यामुळे ते आपल्याच कंपनीच्या आपल्याच पिढीतील डिरेलरशी जमतात. जुना दांडा केवळ घर्षणावर चालतो. त्याला किती दाते आहेत हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. स्वाराचे कान आणि बोटे मिळून ते ठरवितात.

परंतु डिरेलर अडकवावयाचा कोठे? येथे मालकाची खरी कसोटी लागते. आजच्या बहुतेक डिरेलरांना १० मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर अंतराचे आटे असलेले भोक लागते. सिंप्लेक्सच्या जुन्या कानाला आटेच नाहीत, साधे भोक आहे. सिंप्लेक्सचा मूळ डिरेलर डेलरिन ह्या प्लास्टिकचा होता. १९६० च्या दशकात ते नव्या युगाचे द्रव्य मानले गेले, आज त्याला तडे जातात. तेव्हा ते भोक थोडे मोठे करून त्यात आटे पाडावे, की तडे न गेलेला सिंप्लेक्स शोधीत राहावे? आटे पाडण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. त्यानंतर सायकल आणखी पन्नास वर्षे चालेल आणि बहुतेक नवे डिरेलर घेईल. मात्र ती कारखान्यातून निघाली तशी कधीच राहणार नाही. संग्राहक म्हणतो, जे परत फिरविता येत नाही ते करू नये. स्वार म्हणतो, जी चालत नाही ती सायकल कसली? दोघांचेही म्हणणे खरे आहे. ज्या नमुन्याच्या सायकली हजारोंनी निघाल्या, तिच्या कानाला भोक पाडण्यात इतिहासाचे फारसे नुकसान नाही. जी मोजक्याच निघाली तिच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. असा काहीसा निवाडा व्यवहारात केला जातो आणि तो समंजस वाटतो.

हा सारा तपशील आज कोणालाही उपलब्ध आहे, त्याचे श्रेय कारखान्यांना नाही. कारखाने बंद पडले तेव्हा त्यांचे कागदपत्र रद्दीत गेले किंवा विखुरले. मापे टिकली ती कारागिरांमुळे. अमेरिकेत हॉवर्ड सदरलँड ह्याने सायकल दुरुस्त करणाऱ्यांसाठी एक हस्तपुस्तक १९७४ मध्ये काढले. कोणत्या देशाचा कोणता आटा, कोणत्या आसाला कोणती वाटी, ह्यांची कोष्टके त्यात भरलेली होती. पुढे मॅसॅच्युसेट्समधील एका दुकानात काम करणारा शेल्डन ब्राउन ह्याने, २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, फ्रेंच आट्यांपासून इंग्रजी कॉटरपर्यंत प्रत्येक अडचणीवर सोप्या भाषेत टिपणे लिहिली आणि ती सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली. अडकलेली वाटी कशी काढावी ह्याविषयीची त्याची युक्ती साध्या बोल्ट, नट आणि वायसरांनी होते. बोल्ट वाटीतून आरपार घालून नट घट्ट आवळावयाचा. वाटी आणि बोल्ट एकजीव होतात आणि बोल्ट फिरविला की वाटी फिरते. ह्या माणसाकडे सरकारी अधिकार नव्हता की विद्यापीठाचे पीठ नव्हते; पण एखाद्या मानक संस्थेने करावयाचे काम त्याने केले.

इटलीत टस्कनी प्रांतातील गायोले इन क्यांती ह्या गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची एक सफर भरते. द्राक्षांच्या मळ्यांमधील पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून ती सुरू झाली. तिचा नियम असा की सायकल १९८७ पूर्वीच्या धर्तीची हवी: गिअरचे दांडे सांगाड्याच्या तिरप्या नळीवर, पायडलांना पाय अडकविण्याचे पट्टे आणि ब्रेकच्या तारा हँडलाबाहेर मोकळ्या. ऑक्टोबरच्या आरंभी हजारो स्वार लोकरी सदरे घालून त्या धुळीत उतरतात. त्यांत एखादी पांढरी पी.एक्स. १० असतेच. तिचे दांडे जुने, क्रँक जुनी, कातडी सीट जुनी. तारा आणि रबरे मात्र त्याच उन्हाळ्यात घेतलेली. तळच्या नळकांड्यात १९७० ची वाटी आहे की कॅलिफोर्नियातून आलेली सीलबंद नळी, हे शेजारून जाणाऱ्याला दिसत नाही; आणि चढावर धाप लागली असताना ते स्वाराच्याही ध्यानात नसते.